पुसट करण्याचा धंदा

माणसे स्पष्टतेसाठी किती पैसे मोजतात! चाळिशी लागली की चष्मेवाल्याकडे धाव घेतात, मोतीबिंदू झाला की डॉक्टरांचे उंबरठे झिजवतात आणि दिवाळीचा बोनस हातात पडला की जुन्या टीव्हीपेक्षा अधिक रेखीव चित्र दाखवणारा नवा टीव्ही घरी आणतात. पुढारीसुद्धा ‘मी स्पष्टच बोलतो’ असे मोठ्या अभिमानाने सांगतात. मग बोलतात काय, हा भाग वेगळा. स्पष्टतेची अशी पूजा चाललेली असताना मी मात्र गेली वीस वर्षे चित्रे पुसट करून पोट भरतो आहे, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

माझ्या आईला तर अजूनही वाटते. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना माझा व्यवसाय समजावून सांगण्याचे काम तिने आपण होऊन पत्करले आहे. “हा सिनेमात असतो,” असे ती प्रथम सांगते. पाहुण्यांचे डोळे चमकतात. “म्हणजे पडद्यावर नव्हे हो, पडद्यामागे. संगणकावर बसून चित्रं पुसट करतो.” पाहुण्यांचे डोळे विझतात. आमचे एक दूरचे मामा तर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “अरे, या वयात आता दुसरी नोकरी मिळायची नाही हे खरं, पण एखादं दुकान टाकायला काय हरकत आहे?”

मामांची कळकळ खरी होती. तेव्हा दुकान का टाकले नाही, हे एकदा सविस्तर सांगावे म्हणतो.

आमच्या कामाला कॉम्पोझिटिंग म्हणतात. नायिका गोरेगावच्या एखाद्या स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभी असते. तिच्यामागे दिसणारा किल्ला महिनाभर आधी दुसऱ्याच कोणी टिपून आणलेला असतो. आणि दोघांवर कोसळणारा पाऊस तर कुठेच पडलेला नसतो; तो संगणकात तयार झालेला असतो. ही तिन्ही चित्रे एकत्र सांधायची आणि ‘ती किल्ल्यावर पावसात भिजते आहे’ असे पाहणाऱ्याला वाटायला लावायचे, हे आमचे काम. रंग जुळवले, उजेड जुळवला, तरी पुष्कळदा काहीतरी खटकतच राहते. नायिका कात्रीने कापून वहीत चिकटवल्यासारखी दिसते. याचे कारण माणसाचा डोळा मोठा चिकित्सक आहे. कोणती वस्तू किती रेखीव दिसावी याचा त्याचा हिशेब लहानपणापासून पक्का झालेला असतो. तो हिशेब त्याला शब्दांत सांगता येत नाही. पण चुकला की लगेच कळतो. तो जुळवायचा तर योग्य ठिकाणी, योग्य तेवढे आणि योग्य जातीचे पुसट करता आले पाहिजे. होय, पुसट करण्यातही जाती आहेत, आणि त्या आंब्यांच्या जातींइतक्याच एकमेकींपासून वेगळ्या आहेत.

आधी पुसट करणे म्हणजे काय ते पाहू. संगणकावरचे चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. फुल एचडी म्हणतात त्या चित्रात आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. पुसट करताना प्रत्येक ठिपक्याने आपला हेका सोडायचा आणि शेजाऱ्यांच्या रंगांची सरासरी स्वीकारायची, एवढेच घडते. चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजणे मुळीच कठीण नाही.

आता शेजाऱ्यांचे मत कसे घ्यायचे, याच्या दोन रीती. पहिली चाळीच्या सभेची. जिन्याजवळच्या खोलीतला असो की टोकाच्या, प्रत्येकाला एक मत. हिला बॉक्स ब्लर म्हणतात. हिशेब झटपट होतो, पण चित्रावर चौकोनी, ओबडधोबड डाग राहतात. दुसरी रीत लग्नघराची. तिथे सख्ख्या काकांचे वजन अधिक, चुलत काकांचे त्याहून कमी, आणि लांबच्या मामांनी नुसते अक्षता टाकायला यायचे. जवळच्याला जास्त किंमत, दूरच्याला कमी, अशा या पद्धतीला गाउसियन ब्लर म्हणतात. कार्ल फ्रीडरिख गाउस हा जर्मन गणितज्ञ १७७७ ते १८५५ या काळात होऊन गेला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेवरून हे नाव पडले. यात गंमत अशी की चाळीची सभा लागोपाठ तीनदा भरवली तर निकाल जवळजवळ लग्नघरासारखाच लागतो! संगणकाचा वेळ वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी ही युक्ती प्रत्यक्ष वापरतात.

गाउसियन ब्लर दिसायला मऊ, वापरायला सोपा; त्यामुळे नवी मुले त्याच्या प्रेमात पडतात. काहीही पुसट करायचे असो, तोच लावायचा आणि ‘बरे दिसते’ असे वाटेपर्यंत स्लायडर ओढत राहायचा. अशा वेळी मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, “हे पुसट का दिसतं आहे?”

“सर, तुम्हीच सांगितलंत ना पुसट करायला!”

“मी सांगितलं म्हणून ते मऊ झालं. पण या दृश्यातल्या जगात ते पुसट का झालं?”

मुले गोंधळतात. पण या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय अवजार निवडता येत नाही. जगात कुठलीच गोष्ट उगाच पुसट होत नाही. भिंगामुळे होते, वेगामुळे होते किंवा हवेमुळे होते. कारण कोणते ते कळले की अवजार आपोआप ठरते.

पहिले कारण भिंग. यंदाच्या दिवाळीत एक प्रयोग अवश्य करावा. ज्यांना लांबचे कमी दिसते त्यांनी रात्री गॅलरीत उभे राहून चष्मा काढावा आणि समोरच्या इमारतीवरच्या विजेच्या माळांकडे पाहावे. प्रत्येक बारीक दिव्याची एक तेजस्वी तबकडी झालेली दिसेल. ती गुलालाच्या फेकीसारखी कडेला विरत जाणार नाही. तिला बऱ्यापैकी ठाशीव काठ असेल. कॅमेऱ्याचे भिंगही असेच वागते. नीट रोखलेल्या अंतराच्या पुढच्या-मागच्या प्रत्येक प्रकाशबिंदूची ते तबकडी करते, आणि भिंगातली झडप सहा पात्यांची असली तर ही तबकडी षटकोनीसुद्धा होते. गाउसियन ब्लर हे करू शकत नाही. तो बिंदूची नुसती राख करतो. म्हणून नायिकेमागची दिवाळी पुसट करायची तर डीफोकस किंवा लेन्स ब्लर नावाचे वेगळे अवजार घ्यावे लागते.

या तबकड्यांच्या रूपगुणांना आमच्याकडे ‘बोके’ म्हणतात. शब्द मुळात जपानी. पण घरी त्याने भलताच घोटाळा केला. मी फोनवर सहकाऱ्याला सांगत होतो, “मागचे बोके अजून थोडे मोठे कर, आणि डावीकडचा तो लाल बोका काढूनच टाक.” फोन ठेवल्यावर आई काळजीच्या सुरात म्हणाली, “स्टुडिओत मांजरं पाळलीत की काय रे? आणि काढून कशाला टाकायचं बिचाऱ्याला?”

भिंगाची नक्कल करताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. दिव्याची ज्योत पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी असते. पण साध्या व्हिडिओत दोघांनाही एकच सर्वोच्च आकडा मिळतो, २५५. असे चित्र पुसट केले की सरासरीत ज्योतीचा कागद होतो आणि कागदाची राख. म्हणून पुसट करण्याआधी ज्योतीला तिचे खरे तेज आकड्यांत परत द्यावे लागते. मगच तिची तबकडी झगझगीत राहते. स्टॅन्ली कुब्रिक याने १९७५ साली ‘बॅरी लिंडन’ चित्रपटातले काही प्रसंग खरोखरीच मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. त्यासाठी त्याने झाइसचे मूळ नासासाठी बनवलेले, विलक्षण मोठ्या तोंडाचे भिंग वापरले. अशा भिंगात स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद असतो की नट किंचित पुढे झुकला तरी त्याचा चेहरा पुसट व्हावा. आमची नवी मुले ते प्रसंग पाहून येतात, तेव्हा त्यांना मी सांगतो की ज्योती पाहू नका, ज्योतींच्या कडा पाहा.

दुसरे कारण वेग. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. प्रत्येक चित्राला मिळणाऱ्या वेळेपैकी निम्मा वेळ झडप उघडी ठेवण्याचा प्रघात आहे; म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागात टिपले जाते. तेवढ्यात जे हलले ते फराटल्यासारखे दिसते. दिवाळीतला बाण सरळ रेषेत फराटतो, भुईचक्र गोल फराटते, आणि धावत्या गाडीच्या पुढच्या काचेतून पाहिले तर सारा रस्ता मध्यापासून कडांकडे फराटतो. या तिघांसाठी तीन निराळी अवजारे आहेत. भुईचक्राला बाणाचे अवजार लावले की चक्र फिरण्याऐवजी घसरू लागते, आणि हे शाळकरी पोरालाही कळते.

वेगाचा हा फराटा नसला तर काय होते, हे जुन्या चित्रपटांत छान दिसते. १९६३ सालच्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये रे हॅरीहाउसेन याने सात सांगाडे तलवारी घेऊन लढवले. बाहुल्या एकेका चित्रासाठी तसूभर हलवून केलेले ते काम आजही पाहत राहावे असे आहे. पण बाहुली टिपताना ती स्थिर असे. त्यामुळे प्रत्येक चित्र रेखीव, आणि हालचाल मात्र थोडी ठेचकाळणारी. १९८१ सालच्या ‘ड्रॅगनस्लेअर’ चित्रपटात झडप उघडी असतानाच संगणकाच्या नियंत्रणाखाली बाहुली हलवण्याची युक्ती योजली गेली. तिला ‘गो मोशन’ म्हणतात. आणि १९८४ साली लुकासफिल्ममधल्या संगणकतज्ज्ञांनी ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.’ या छोट्याशा चित्रपटात संगणकाने रेखाटलेल्या पात्रांनाही हा फराटा दिला. म्हणजे पाहा, चित्र अधिक खरे वाटावे म्हणून मोठमोठ्या बुद्धिमान माणसांनी ते कमी स्पष्ट करण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली! मामांना हे कोणीतरी सांगायला हवे.

तिसरे कारण हवा. इथे नवशिका हमखास फसतो. दूरचा डोंगर आहे, मग तो पुसट करा, असा त्याचा सरळ हिशेब असतो. पण पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात उभे राहून सह्याद्रीच्या एकीमागे एक उभ्या रांगा पाहाव्यात. मागची रांग पुढचीपेक्षा फिकी, निळसर असते. तिच्यावरची झाडी, कपारी दिसेनाशा होतात. पण आकाशावर उमटलेली तिची कड? ती बहुधा चांगली रेखीव असते. हवा डोंगराचा रंग नेते, गडदपणा नेते, कड सहसा नेत नाही. तिथे पुसट करण्याचे अवजार पेटीतच ठेवावे आणि रंगाचे काढावे. दाट धुके मध्ये आले तर गोष्ट निराळी. पुसट करण्याचा धंदा करणाऱ्याला केव्हा पुसट करायचे नाही, हे आधी कळावे लागते.

कारण सापडले, अवजार निवडले, तरी काम संपत नाही. समजा नायिकेमागचा बाजार पुसट करायचा आहे. चित्र जसेच्या तसे पुसट करून त्यावर कापलेली नायिका ठेवली की तिच्याभोवती तिच्याच साडीच्या रंगाचे तेजोवलय दिसू लागते. कारण मागच्या चित्रातल्या नायिकेचा रंग शेजारपाजारच्या ठिपक्यांत मिसळलेला असतो. देवादिकांच्या चित्रपटात हे खपेल. कौटुंबिक चित्रपटात खपत नाही. म्हणून आधी मागच्या चित्रातून नायिका पूर्णपणे काढायची, तिच्यामागचा बाजार भरून घ्यायचा, मग तो पुसट करायचा आणि शेवटी नायिकेला तिच्या जागी उभे करायचे. चित्राच्या चारी कडांनाही सांभाळावे लागते. कडेच्या ठिपक्याला एका बाजूला शेजारीच नसतात. त्या बाजूची पोकळी सरासरीत शिरते आणि चित्राला काळपट किनार येते. तेव्हा कडेचेच ठिपके बाहेर पुन्हा मांडून शेजार निर्माण करावा लागतो. आणि पुसट केले की कॅमेऱ्याने टिपलेली बारीक रवाळ कणीही पुसली जाते, तेवढाच भाग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. ती कणी मागाहून पुन्हा पेरावी लागते. रांगोळी बोटाने पुसली तर फरशीवर पुसल्याची खूण राहते ना, तसेच हे!

फोनवरचा फोटो ही सगळी कामे डोळ्याचे पाते लवायच्या आत उरकतो, असे माझा भाचा मला ऐकवतो. उरकतो खरा, पण त्या घाईत आत्याच्या चष्म्याची दांडी आणि काकांचे उरलेसुरले केसही मागच्या भिंतीबरोबर पुसून टाकतो. २०२० साली कोरोनाने घराघरांची कचेरी केली, तेव्हा हे पुसट करण्याचे बटण आमच्या धंद्यातून निघून साऱ्या मध्यमवर्गाच्या हाती आले. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे झाकून साहेबांशी बोलता येऊ लागले. मला त्यात वाईट काहीच दिसत नाही. घराचा पडदा ओढायचा हक्क ज्याचा त्याला असावा.

पण या सोयीने एक समज सर्वत्र पसरला. पुसट केले म्हणजे झाकले, असा तो समज. आमच्याकडे येणारे निर्मातेही याच थाटात बोलतात. भिंतीवर माइकची सावली पडली? “जरा ब्लर मारा.” मिशी सुटली? “जरा ब्लर मारा.” पुसट केलेली सावली ही पुसट सावलीच असते, शिवाय आता प्रेक्षक तिथेच निरखून पाहू लागतो. आणि एखादे वेळी या समजापायी माणसाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. तसा एक प्रसंग दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर आला.

एका छोट्या संस्थेने बालविवाहांविषयी एक माहितीपट केला होता. त्यात सोळा वर्षांच्या एका मुलीची सहा मिनिटांची मुलाखत होती. घरच्यांनी ठरवलेले लग्न तिने स्वतः तक्रार करून थांबवले होते. आई तिच्या बाजूने उभी राहिली. बाकीचे गणगोत मात्र चवताळलेले. आता ती दुसऱ्या गावी शिकत होती. अशा मुलीची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे. संस्थेच्या लोकांना त्याची जाणीव होती. चेहरा पुसट करून द्या, एवढीच त्यांची मागणी.

आमच्यातल्या एका हुशार मुलाने तासाभरात काम करून दाखवले. चेहऱ्यावर गाउसियन ब्लर, चेहरा हलेल तसा हलणारा, कडा अगदी तलम. दिसायला काम सुरेख होते. मी त्याला म्हटले, “आता सिनेमा विसर. तू तिचा चुलता आहेस, तुला ती सापडायलाच हवी आहे असं समज, आणि पाहा.”

तो पाहू लागला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. एका ठिकाणी मुलीने झटकन मान वळवली होती. तिथे दोन चित्रांपुरता पुसट गोळा मागे राहिला होता. चालत्या चित्रात ते कोणाच्या लक्षात आले नसते. पण चित्र थांबवणे आज कोणालाही जमते, आणि तिला हुडकणारा माणूस ते थांबवणारच. कोपऱ्यात लोखंडी कपाट होते. त्याच्या आरशात तिची अर्धी बाजू स्वच्छ दिसत होती. मागच्या भिंतीवर किराणा दुकानाचे कॅलेंडर, त्यावर तालुक्याचे नाव. ओढणीवर शाळेचा बिल्ला. मनगटावर गोंदण. गावाकडे माणूस नुसत्या चेहऱ्यावरून थोडाच ओळखतात!

आणि चेहरा तरी लपला होता का? २००७ साली मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका गुन्हेगाराने इंटरनेटवरच्या छायाचित्रांत आपला चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो उलटा पिळून मोकळा केला, इंटरपोलने तो जगभर प्रसिद्ध केला आणि काही दिवसांतच त्याला थायलंडमध्ये पकडले. ते उत्तमच झाले. पण जी युक्ती गुन्हेगाराला पकडते तीच एखाद्या मुलीला उघडी पाडू शकते. पुसट करणे पिळण्याइतके सहज उलटत नाही. तरी त्यातही मूळ चेहऱ्याचा काही अंश उरतोच. नाकाची ठेवण, कपाळाची रुंदी, हनुवटीचा उतार पुसटातून सूचित होत राहतात. शिवाय एकाच चेहऱ्याची हजारो चित्रे हाताशी असतात. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की संशयित माणसांचे फोटो आधी शिकवून ठेवले, तर संगणक पुसट केलेल्या किंवा चौकड्या पाडलेल्या चेहऱ्यांमधूनही माणूस निवडून काढू शकतो. चुलत्याला तर संगणकाचीही गरज नव्हती.

म्हणून आम्ही पुसट करण्याचे अवजार बाजूला ठेवले. आधी डोके आणि केस मिळून होणाऱ्या आकाराहून मोठा असा एकाच सपाट रंगाचा गोळा तिथे भरला. आता त्याखाली काही उरलेच नव्हते; सरासरी काढायला चेहराच नाही, मग उलगडायचे काय? तो गोळा डोळ्याला खुपू नये एवढ्यासाठी फक्त त्याची कड पुसट केली. आरसा, कॅलेंडर, बिल्ला, गोंदण यांचीही तीच गत केली. आवाज नुसता जाडा केला तर पुन्हा बारीक करता येतो. म्हणून मुलीचेच शब्द दुसऱ्या एका मुलीकडून बोलून घेतले. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने सहा मिनिटांची नऊ हजार चित्रे होतात. त्या मुलाने आणि मी ती एकेक करून तपासली. तीन दिवस लागले. झाकण आणि चेहरा असे वेगवेगळे थर असलेली प्रत बाहेर जाऊ दिली नाही; एकजीव झालेली प्रतच फक्त दिली.

या कामात एका जागी मात्र आमचा वाद झाला. संस्थेचे लोक म्हणाले, “एवढं झाकलंच आहे, तर सगळी आकृतीच काळी करून टाका. धोका नको.” बोलणे चुकीचे नव्हते. पण मुलगी बोलत असताना मांडीवरच्या तिच्या हातांची सारखी चाळवाचाळव चालली होती. लग्न ठरल्याचे सांगताना ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, आणि तक्रारीचे सांगताना तीच गाठ सोडवत होती. मी म्हटले, “गोंदण झाकलं आहे, अंगठी नाही, व्रण नाही, हात राहू द्या. नाहीतर प्रेक्षकांना वाटेल, ही गोष्ट कोणाचीच नाही.” अखेर ठरले की हा निकाल मुलीने आणि तिच्या आईने द्यावा.

मुलीने कळवले की आई म्हणेल तसे करा. मग आई संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर स्टुडिओत आली. खुर्चीच्या कडेवर, पदर आवळून बसली. “साहेब, वळखू येनार न्हाई न्हवं कुनाला?” एवढेच तिने विचारले. मी म्हटले, “ताई, तुम्हीच पाहा. तुमच्यापेक्षा जास्त तिला कोण ओळखतं?” सहा मिनिटे ती पडद्यावर आपल्या लेकीला शोधत होती. दोनदा तिने चित्र थांबवायला लावले, पुढे वाकून पाहिले आणि पुन्हा मागे सरकली. शेवटी म्हणाली, “न्हाई गावत.” मग हातांकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “ह्ये ऱ्हाऊ द्या. हात सगळ्याच पोरींचं असंच असत्यात.”

हात राहिले. माहितीपट बऱ्याच तालुक्यांत दाखवला गेला. ती मुलगी पुढे बारावी झाली, एवढे मला कार्यकर्तीकडून कळले. ती कुठे आहे हे मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

ज्या मुलाने ते पहिले, सुरेख काम केले होते, तो आता नव्या मुलांना शिकवतो. परवा त्याच्या खुर्चीमागून जाताना कानावर आले. समोरची मुलगी स्लायडर ओढत होती आणि हा तिला विचारत होता, “थांब. आधी सांग, हे पुसट का करायचं आहे, आणि कोणासाठी?”

‘कोणासाठी’ हा शब्द त्याचा स्वतःचा होता. मी त्याला तो कधी शिकवला नव्हता.